झाकलेली ओळ

आमच्या ग्रंथालयात मठाकडून आलेल्या एका जुन्या पोथीची हुबेहूब प्रत छापायचं काम चाललं आहे. काल सुलभाताई संगणकावर तिच्या पानांवरचे डाग पुसत होत्या. एका पानावरचा पिवळा पट्टा त्यांनी उडवला, आणि खालून अख्खी ओळ वर आली: दुष्काळात मठाची कोठारं भरलेली होती.

"ताई, तो डाग नव्हता, हरताळ होता. नको असलेली ओळ पूर्वी असाच पिवळा लेप देऊन झाकायचे," मी म्हटलं.

"मग बरंच झालं की! चळवळीची पत्रकं वाटत वाढलेली तू, तुला तर नाचायला हवं."

नाचावंसं वाटलंही. झाकलेलं उघडं करायचं, एवढंच मी लहानपणापासून शिकले. पण पट्टा गेला की ही ओळ कुणीतरी झाकली होती, हेही जातं. पुढचा वाचक म्हणेल, इथे तर सगळं उघडच होतं. लेप दिला कुणी? लिहिणाऱ्याने स्वतः, की त्याच्या डोक्यावर कुणी उभं होतं? हुबेहूब म्हणायचं तर तो झाकणारा हातही छापायला हवा.

"पट्टा परत आणा," मी म्हटलं. "ओळ प्रस्तावनेत देऊ."

सुलभाताईंनी चष्मा काढला. "अगं वेडे, प्रस्तावना मठच लिहून देणार आहे."

पट्टा परत आला. ती ओळ मात्र मी वहीत उतरवून घेतली, आणि आज सकाळपासून तिच्याखाली पत्रकाचा मजकूर लिहिते आहे.