यंदा फक्त हात

चौकात फ्लेक्स लागला तेव्हा चंद्रिकाबाई भाजी घेऊन येत होत्या. आधी त्यांनी स्वतःला ओळखलंच नाही. कुणीतरी संगणकावर त्यांना इतकं गोरं करून ठेवलं होतं की गालांना पीठ फासल्यासारखं दिसत होतं. खाली ही मोठ्ठी अक्षरं : ‘सोलापूरची शान, ज्येष्ठ चित्रकर्त्या चंद्रिकाताई साकारणार हजार फुटांचं अखंड चित्र!’ आणि शेजारी, त्यांच्या दुप्पट आकाराचा, हात जोडून उभा असलेला त्यांचा भाचा सुबोध. कलामंडळाचा अध्यक्ष.

विचारलं होतं कुणी त्यांना? एका शब्दानं नाही.

चंद्रिकाबाई शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या. गल्लीतल्या निम्म्या घरांत भिंतीवर जे आजी-आजोबा आहेत ते बाईंनीच काढलेले. चेहरा हुबेहूब. पण प्रत्येकाच्या अंगावर शाल. सोलापूरच्या उन्हाळ्यात, जिथं माणसाला बनियन नकोसा होतो तिथं, शाल! कारण बाईंना हात येत नसत. डोळे बोलके, नाक नेमकं, आणि मनगटाखाली केळ्यांचा फणा. मग शाल, पदर, मांडीवर पोथी, जे हाताशी येईल त्यानं झाकायचं. लोक म्हणत, “काय सोज्वळ चित्रं काढतात बाई!” सोज्वळ कसली डोंबलाची! लबाडी होती ती, आणि ती आपल्यालाच ठाऊक आहे अशी बाईंची समजूत होती.

दिवाळीत त्यांनी घरात जाहीर केलं, “यंदा चित्र नाही. यंदा फक्त हात. संक्रांतीपर्यंत भीमाबाईचे भाकरी थापणारे हात कागदावर उतरले पाहिजेत. बाकी काही नाही.”

“या वयात लोक हातपाय गाळतात, तू काढायला घे,” नवरा चन्नवीर पेपरातून मान वर न करता म्हणाला.

भीमाबाई मागच्या बोळात कडक भाकऱ्या करून विकायची. ज्वारीची पापडासारखी पातळ भाकरी, निखाऱ्यावर वाळवली की पंधरवडा टिकते. पहिल्या दिवशी बाईंनी शाळेतल्यासारखा हुकूम सोडला, “थांब, हात अस्साच ठेव.” भीमाबाईनं ठेवला. तो फोटो काढायला बसवल्यासारखा ताठ दिसला, आणि खाली भाकरीची कड चिरली.

“गेली की वो भाकर! मास्तरीणबाई, थांबून न्हाय जमायचं. तुमीच पळा तिच्या मागं.”

बाई पळू लागल्या. उजवा तळवा थापतोय, डावा कडेनं भाकरीला फिरवतोय, आणि पेन्सिल नेहमी एक थाप मागं. रद्दीवाल्याची चंगळ झाली. पण निदान आता बोटं बोटांसारखी दिसायला लागली होती. आणि नेमका तेव्हाच हा फ्लेक्स.

भाजीची पिशवी घेऊनच बाई सुबोधच्या दारात उभ्या राहिल्या.

“काढ तो फ्लेक्स.”

“आत्या, आधी बस तर. चहा घे.”

“तुझ्या चहात बुडव तो फ्लेक्स!”

“अगं, कापड आलंय, उद्घाटनाचे पाहुणे ठरलेत. रंग शाळेची पोरं भरतील. तू नुसती बाह्यरेषा काढून द्यायचीस.”

“हजार फुटांची बाह्यरेषा. नुसती! माझी संक्रांत काय, शिमगासुद्धा त्यातच जाईल. माझं काम कोण करणार?”

“कसलं काम? भाकरीवालीचे हात? आत्या, ध्येय कसं मोठं पाहिजे. लोक हसतात गं.”

“हसू देत. तुझ्या त्या हजार फुटांत माणसं असतील ना? त्यांना हात असतील ना? ते कोण काढणार, तुझा बाप? माझा सख्खा भाऊ आहे तो, त्याला साधा आंबा काढता येत नाही.”

सुबोध हसला. “त्यात काय! घालू की सगळ्यांना शाली. तू घालतेसच.”

म्हणजे याला माहीत होतं. म्हणजे गल्लीला माहीत होतं. इतकी वर्षं सगळे शाली बघत होते आणि तोंडावर सोज्वळ म्हणत होते! त्यांना सुबोधचा राग आला, गल्लीचा आला, आणि सगळ्यांत जास्त त्या शालींचा आला.

“माझ्या नावावर एक रेघ मारायची नाही,” एवढंच बोलून त्या निघाल्या.

घरी दोन दिवस धुसफूस चालली. चन्नवीर चिडला की कन्नडवर यायचा. “साकु, बिडु! पुरे, सोड. माहेरची माणसं तोडणार का एवढ्यासाठी? चार रेघा मार न् ये.”

“चार रेघांनीच घात होतो. मग पुढच्या वर्षी दोन हजार फूट. मी मरेन तेव्हा त्या हजारो फुटांत एक धड अंगठा नसेल.”

उद्घाटनाच्या सकाळी त्या भीमाबाईच्या चुलीपुढं जाऊन बसल्या. चौकातला भोंगा तिथवर ऐकू येत होता. “आदरणीय चंद्रिकाताई प्रकृती अस्वास्थ्यामुळे...”

“मी ठणठणीत आहे!” बाई तिथूनच ओरडल्या. “खोटारडा मेला!”

“आता हितनं कोन ऐकतंय? थापू का थांबू?”

“थाप!”

भीमाबाईनं गोळा घेतला. बाईंचं डोकं तापलेलं होतं, त्या तशाच, न खोडता ओढत गेल्या. भाकरी तव्यावर पडली तेव्हा कागदावर उजवा हात होता. पसरलेला, जड, नखांत पीठ गेलेला. भीमाबाईनं ओचा सावरत कागदात डोकावलं.

“ह्यो माजाच. बोट वाकडं हाय की.” मग कागदाच्या दुसऱ्या कडेला बोट ठेवलं. “ह्यो डावा कुनाचा वो?”

बाईंनी बघितलं. डावा खरंच कुणाचाच नव्हता. संतापानं त्यांनी कागद चुरगाळायला घेतला, मग उजव्याकडं बघून थांबल्या. दोन्ही एकदम धरायला गेले, तिथंच चुकलं.

“संक्रांतीला एकच होणार,” त्या धुसफुसत म्हणाल्या. “डाव्याला उन्हाळा लागेल.”

“लागू द्या की. भाकरी उनाळ्यातबी खात्यात लोक.”

बाईंनी नवा कागद लावला. “बघत काय बसलीस? घे दुसरा गोळा.”