खिडकीबाहेरची हरकत

आमच्या मंडळीत कोणाचं कोणाशी पटत नाही, हे मला पहिल्याच रविवारी कळलं. मी नवीन होतो म्हणून चर्चमधल्या सगळ्यांना "सलाम" केला आणि त्याचा सगळ्यांनाच राग आला. उजव्या बाकांना केला म्हणून डावे चिडले, डाव्यांना केला म्हणून उजवे. मावशीनं माझ्या दंडाला चिमटा काढला. "आपण उजवे आहोत. तिकडं बघून दात काढू नकोस."

मंडळी म्हणजे आमच्या चर्चची माणसं. मी नगर जिल्ह्यातल्या, जिथं एसटी वळते आणि परत जाते अशा गावात मिशनच्या शाळेत शिकलो आणि कॉलेजसाठी पुण्यात मावशीकडे राहायला आलो. पुणे म्हणजे काय, तर मांजरी गावाच्या अलीकडची वस्ती. एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला लिफ्टवाल्या बिल्डिंगा, आणि मधोमध आमचं दगडी चर्च, वरती पत्रा. लिफ्टवाले घंटेबद्दल तक्रार करायचे. आमचे लोक म्हणायचे, त्यांची नंतर बघू, आधी आपापसातलं मिटू दे.

वस्तीचा इतिहास दोन मिनिटांत संपतो. दुष्काळात नगरकडची काही घरं इकडं उसाच्या कामाला आली. रविवारी लिंबाखाली बसून टाळ-मृदंगावर भजनं म्हणायची. मग शेड झाली, मग चर्च झालं. पुढचा सगळा इतिहास म्हणजे भांडण, आणि ते अजून चालूच आहे.

झालं असं की कोणी एक मडम आपल्या देशात परत जाताना चर्चला ऑर्गन देऊन गेली, पायानं भाता दाबायचा तसला. तो वाजवायला शिकला डाव्या बाकांवरचा एक तरुण. मृदंग वाजवायचा उजव्या बाकांवरचा एक तरुण, माझ्या काकांचा, म्हणजे मावशीच्या नवऱ्याचा चुलता. नाताळच्या उपासनेत तेव्हाचे पाळक त्याला म्हणाले, "आज मृदंग राहू दे, आज ऑर्गन आहे." तो मृदंग उचलून बाहेर गेला, व्हरांड्यातल्या दगडी बाकावर बसला आणि परत कधी आत आलाच नाही.

कधीच म्हणजे कधीच नाही. ऑर्गन वाजवणारा म्हातारा होऊन मेला, मृदंग उंदरांनी खाल्ला, तरी हा मृदंगवाला, म्हणजे आमचे थोरले आजोबा, दर रविवारी त्याच बाकावर, खिडकीला कान लावून. उपासना ऐकायची ती गजांमधून. दानाची थैली त्यांच्यापुढे गजांमधून जायची. प्रभुभोजनाला पाळकसाहेब भाकर आणि प्याला घेऊन बाहेर जायचे. आणि प्रवचन चालू असताना आतल्यांना जे बोलायची हिंमत नसे ते सगळं हा माणूस खिडकीतून बोलायचा. "मोठ्यानं बोला!" "हे गेल्या वर्षी झालंय!" "पुरे!"

मला नकला करायची खोड आहे. शाळेत हेडमास्तरांच्या आवाजात मी एकदा सगळ्या शाळेला सुट्टी देऊन टाकली होती. त्यामुळे असा आवाज मिळाल्यावर मी काय सोडतोय! घशात आधी एक खाकरा, मग "ऐका!" आणि मग शेवटचा शब्द दगडासारखा फेकायचा. आठवडाभरात मला तो इतका जमला की मावशी स्वयंपाकघरातून ओरडायची, "थोरले, चहा ठेवलाय!" आणि मी जाऊन प्यायचो.

आता मुद्द्याचं. मावशीची मुलगी, माझी ताई, हडपसरला नर्स. तिचं लग्न ठरलं, आणि कोणाशी? ऑर्गनवाल्याच्या नातवाशी. मुलगा बोटीवर नोकरीला, चांगला, हसरा. दोन्ही घरांत महिनाभर टोमण्यांचा पाऊस पडला. "त्यांच्याकडं चहात साखर घालतात का बघून ये." "उजव्यांची मुलगी आणायची म्हणजे आधी घराला कुंपण घाला." शेवटी दोन्ही घरं दमली आणि हो म्हणाली. थोरले आजोबा दमले नाहीत.

आमच्याकडे लग्नाआधी तीन रविवार नवरा-नवरीची नावं चर्चमध्ये पुकारतात. कोणाची हरकत असेल तर बोला, असं विचारतात. पहिल्या दोन पुकारी गावाला कळावं म्हणून. हरकत घ्यायची ती तिसरीला. आणि एकदा हरकत आली की पाळकसाहेबांना लग्न थांबवून कमिटीपुढं ठेवावं लागतं. ती कमिटी म्हणजे अर्धी उजवी, अर्धी डावी. गेटला कोणता रंग द्यायचा हे त्यांचं अजून ठरलेलं नाही, गेट गंजून पडलं. ताईचं लग्न मंगळवारी होतं आणि बुधवारपासून लेंत, म्हणजे उपासाचे दिवस, ईस्टरपर्यंत लग्नं बंद. त्याआधीच मुलाची बोट सुटणार. आणि मुलाच्या आईनं स्पष्ट सांगितलं होतं, "एकदा अडलं, तर आम्ही परत विचारायला येणार नाही."

थोरल्यांना हे सगळं तोंडपाठ होतं. पहिल्या पुकारीनंतर अंगणात बसून दाढी करताना ते म्हणाले, "तिसरीला बोलतो मी."

काका म्हणाले, "बोला की. पोरीचं वाटोळं करा आणि मग सुखानं जेवा."

"ऐका! पेटीवाल्याच्या घरात आपली पोरगी जायची न्हाय."

"पेटीवाला मेला, आजोबा," ताई म्हणाली.

"पेटी हाय की अजून!"

ताई आत गेली आणि आधीच घडी घातलेली साडी पुन्हा उघडून पुन्हा घडी घालत बसली. ताई रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

मग काय, "तिसरीला बोलतो!" हा माझा आयटमच झाला. पाण्याच्या टाकीपाशी, बस स्टॉपवर, सगळीकडं. दुसऱ्या पुकारीच्या संध्याकाळी क्वायरच्या प्रॅक्टिसला मी व्हरांड्यात उभं राहून खिडकीतून खाकरलो. "ऐका! माझी हरकत हाय!" आमचे पाळकसाहेब पुण्याच्या पेठेतले, बोलणं अगदी पुस्तकातलं. ते चष्मा सावरत खिडकीकडं वळले आणि हात जोडून म्हणाले, "बाबा, आपण कृपा करून आत या, बसून बोलू." आत आलो मी. क्वायरमधली पोरं बाकाखाली लोळली. पाळकसाहेबांचे कान लाल झाले.

"वा," ते म्हणाले. "देवानं आपल्याला गळा दिला, डोकं द्यायचं राहिलं. उपासनेत पुन्हा हा प्रकार झाला तर मी आपल्याला सगळ्यांदेखत बाहेर काढीन. लक्षात ठेवा."

मी लक्षात ठेवलं. त्यांनीही ठेवलं.

इकडं काकांनी आपलं डोकं चालवलं. थोरल्यांना मोतीबिंदू होताच. काकांनी ऑपरेशनची वेळ घेतली ती बरोबर तिसऱ्या पुकारीच्या आदल्या दिवसाची. नंतर विश्रांती म्हणून त्यांना हडपसरला त्यांच्या लेकीकडं ठेवायचं, थेट लग्न उरकेपर्यंत. "डोळा आधी, बाकी नंतर," असं काका इतक्या मायेनं म्हणाले की मलाच शंका आली. थोरले मुकाट्यानं गेले. सगळ्या वस्तीला माहीत होतं की म्हातारा हडपसरला आहे. पाळकसाहेबांनी तर शनिवारी प्रार्थनेत त्यांच्या डोळ्यासाठी देवाचे आभारही मानले. त्या आभारात फक्त डोळाच होता असं मला वाटत नाही.

तिसरा रविवार. मी नेहमीच्या जागेवर, मागच्या बाकावर खिडकीपाशी. ताई पुढं मावशीच्या शेजारी, पाठ ताठ. डाव्या बाजूला मुलाची आई, नाकावर रुमाल, जणू उजव्या बाजूनं वास येतो. पाळकसाहेबांनी कागद हातात घेतला आणि त्याच वेळी बाहेर रिक्षा थांबल्याचा आवाज आला. मी खिडकीतून पाहिलं. डोळ्यावर हिरवी पट्टी, हातात काठी, दुसऱ्या हातानं भिंत चाचपत थोरले आजोबा आपल्या बाकावर येऊन बसले. धापा टाकत होते. माझ्याशिवाय कोणी पाहिलं नाही.

पाळकसाहेबांनी दोघांची नावं वाचली. "या विवाहाला कोणाची हरकत असल्यास त्यांनी आत्ता बोलावं."

माझ्या कानाजवळ, गजांच्या पलीकडून, खाकरा आला.

"ऐका! माझी हरकत हाय!"

सगळ्या माना वळल्या. खिडकीकडं नाही, माझ्याकडं. डावीकडचे हसले, उजवीकडचे हसले. एकत्र हसताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. पाळकसाहेबांनी कागद खाली ठेवला.

"उठा," ते म्हणाले. "आपल्याला सांगितलं होतं. उठा!"

मी तोंड उघडलं. मी नाही, ते आहेत, एवढंच म्हणायचं होतं. तेवढ्यात ताईनं वळून पाहिलं. ती हसत नव्हती. तिला नकलेतला आणि खऱ्यातला फरक कळतो, लहानपणापासून ती त्याच अंगणात वाढलीय. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

मी उभा राहिलो. "सॉरी पाळकसाहेब. चुकलं."

"बाहेर!"

बाहेर म्हणजे कुठं? व्हरांड्यात. थोरल्यांच्या शेजारी.

ते एका डोळ्यानं माझ्याकडं बघत राहिले. "मी बोललो," ते म्हणाले.

"हो."

"मग तू का आलास?"

"त्यांना वाटलं मी बोललो."

त्यांना कळायला थोडा वेळ लागला. मग ते काठीवर भार देऊन उठले आणि खिडकीला तोंड लावून ओरडले, "ओ पाळक! मी बोलतोय, मी! पोरगी त्या घरात द्यायची न्हाय!"

आत हास्याचा नुसता स्फोट. पाळकसाहेबांचा आवाज आला, "वा! बाहेर गेल्यावर तर आपण आणखीच रंगात आलात. कोणीतरी ती खिडकी लावा."

लावायला काका आले. त्यांनी दार ओढायला हात बाहेर काढला आणि समोर थोरले. हिरवी पट्टी, उघडं तोंड. "लेका..." थोरले म्हणाले. काकांनी खिडकी लावली. आतून कडी घातल्याचं मी ऐकलं. त्यानंतर पाळकसाहेबांचं "कोणाचीही हरकत नाही" आणि मग ऑर्गन.

थोरले बाकावर बसले. मी थोडा लांब बसलो, काठीच्या पलीकडं. तरी काठी पोचलीच. गुडघ्यावर.

"माझ्या तोंडाला किंमत ठेवली न्हाईस तू," ते म्हणाले.

"ताईचं लग्न अडलं असतं."

"अडवायचंच होतं!" मग रस्त्याकडं बघत: "आन् तू आधी खाकरतोस त्ये जास्ती होतं. मी इतका खाकरत न्हाय." असं म्हणून ते लांबलचक खाकरले.

लग्न मंगळवारी झालं. थोरले आले, पण आपल्या बाकावर, बंद खिडकीपाशी. पांढऱ्या साडीत ताई त्यांच्या पाया पडायला बाहेर गेली तर त्यांनी तोंड फिरवलं. "त्या घरचं पाणी मी पिणार न्हाय," म्हणाले.

"नका पिऊ. डोळ्यात औषध घातलं का?"

"न्हाय."

ताईनं त्यांची हनुवटी धरून डोकं मागं केलं आणि थेंब घातले. तिकडं फोटोग्राफर बोलवत होता, डावे आणि उजवे फोटोत कोणी पुढं उभं राहायचं यावरून भांडत होते. थोरले ओरडले, "झोंबतंय!" ताई म्हणाली, "झोंबू दे."

मुलगा बोटीवर गेला, ताई पेटीवाल्यांच्या घरी राहायला गेली. दोन घरांत आता पूर्वीपेक्षा जास्त भांडणं होतात, कारण आता एकमेकांच्या घरात जाऊन भांडता येतं. काकांशी थोरले बोलत नाहीत. माझ्याशी तर नाहीच.

खिडकी मात्र पुन्हा उघडी असते. पण आता थोरल्यांना काही बोलायचं असलं की ते आधी काठी गजांवर आपटतात, दोनदा, आणि मगच बोलतात. म्हणजे हे आपणच, तो कार्टा नव्हे, हे आतल्यांना कळावं. पाळकसाहेबही काठी वाजली की लगेच थांबतात, चष्मा सावरतात, "बोला बाबा" म्हणतात.

काठीचा आवाज मला जमतो. घरी बादलीच्या कडीवर करून बघितलाय. अजून कोणाला सांगितलेलं नाही.