जगदेवने कधीच न वाहिलेलं वावर

इंझोरीत कुणालाही विचारा, फाट्याजवळचं ते काळंभोर वावर कुणाचं? समोरचा एका दमात सांगेल, "जगदेवचं." आणि लगेच जीभ चावून म्हणेल, "मंजे हाय फूलचंद शेठचं. जगदेव वाह्यते." जगदेवला यात कधी काही वावगं वाटलं नाही.

फूलचंद शेठ कारंज्यातले धान्याचे व्यापारी. जैन घर, मोजकं बोलणं, तोललेला हात. इंझोरीतली जमीन त्यांना वडिलांकडून आली आणि डोक्याला ताप होऊन बसली. स्वतः कसता येत नव्हती, पडीक ठेववत नव्हती आणि कुणाला लिहून दिली की तो उद्या कूळ म्हणून हक्क सांगत उभा राहायचा. त्यांच्या नात्यातल्या एकाची जमीन अशीच कुळकायद्यात गेली होती. त्या घरात हा विषय निघाला की जेवण थांबायचं. म्हणून नुकतंच लग्न झालेल्या जगदेवला त्यांनी पाडव्याला दुकानात बोलावलं आणि सरळच विचारलं, "जगदेव, कूळ लागशील?"

"नाही लागत, शेठजी."

"मग तू आहेस तोवर वावर तुझ्याकडे. बटईनं. निम्मं तुझं, निम्मं माझं. कागद मात्र नाही."

त्यांनी अडकित्त्यानं सुपारी फोडली, अर्धी जगदेवच्या हातावर ठेवली, अर्धी स्वतःच्या तोंडात टाकली. शेठाणी अंगुरीबाई आतल्या दारात उभ्या होत्या. झाला करार. पुढे दर पाडव्याला जगदेव एसटीनं कारंज्याला जायचा, गादीच्या कडेला बसायचा आणि अर्धी सुपारी चघळत परत यायचा. त्या दिवशी गावात त्याची चाल जरा वेगळीच असायची.

तेव्हा ते वावर काळंभोर नव्हतं हो. निव्वळ बरड होतं. पहिल्या वर्षी सोयाबीन घोट्याएवढं झालं आणि लोक हसले. जगदेव आणि त्याची बायको चतुराबाई, दोघं उन्हाळाभर गोटे वेचायची. चतुराबाईच्या कडेवर पोर आणि डोक्यावर टोपलं. तलाव आटला की गाळ आणायचा, पसरायचा, पुढच्या वर्षी पुन्हा आणायचा. वाहून जाणारी माती अडवायला दोघांनी हातांनी बांध घातला. दुसऱ्याच्या जमिनीत माणसानं इतकं गाडून घेऊ नये, हे कुणीही शहाणा सांगेल. मीही सांगितलं असतं. पण जमीन चांगली झाली की तिची किंमत वाढते आणि किंमत वाढली की मालकाला दुसरी गिऱ्हाइकं दिसू लागतात, हा हिशेब जगदेवच्या डोक्यात शिरलाच नाही. त्याच्याकडे शेठचा शब्द होता.

तलाठ्याच्या दप्तरात, जमीन कोण वाहतो त्या जागी, दरवर्षी लिहिलं जायचं, 'खुद्द'. म्हणजे मालक स्वतः. तलाठी बांधावर उभा राहून विचारायचा आणि घामानं निथळणारा जगदेव सांगायचा, "शेठजीच वाह्यतेत, साहेब. मी आपला गडी." पुढे पिकाची नोंद मोबाइलवर आली. शेठनं आपल्या नावाची नोंदणी जगदेवच्या फोनवर करून दिली. केवढा विश्वास! जगदेव उभ्या पिकाचा फोटो काढायचा, आपली सावली त्यात पडू नये म्हणून बाजूला सरकायचा आणि बोटानं दाबून टाकायचा, खुद्द. कारंज्याच्या शेठचा मोबाइलचा कारभार आपण पाहतो, याचा त्याला अभिमान होता. काय म्हणावं या माणसाला? राग येतो, आणि रागवायचं कुणावर ते कळत नाही.

फूलचंद शेठ गेले. जमीन नातवाकडे आली. अर्पित वाईट पोरगा नाही. पाडव्याला फोन करून म्हणायचा, "काका, चालू द्या." पण धान्याचं दुकान आता पूर्वीसारखं चालत नव्हतं, आणि सौरऊर्जेची एक कंपनी त्या भागात सपाट जमिनी बघत फिरत होती. तीस वर्षांचा भाडेपट्टा, रजिस्टर केलेला, कलमावर कलम. कंपनीच्या माणसानं गावात चौकशी केली तर जो तो म्हणाला, जगदेवचं वावर. कंपनी बिचकली. तिनं अर्पितला सांगितलं, जमिनीवर आपला काही हक्क नाही असं या माणसाकडून लिहून आणा.

शेजारचा भागवत जगदेवला हाताला धरून मानोऱ्याच्या वकिलाकडे घेऊन गेला. वकील म्हणाले, "सही करू नका. कूळ म्हणून दावा टाका. गावभर साक्षीदार आहेत. निकाल काय लागायचा तो लागो, पण भांडणातली जमीन कंपनी घेत नाही. वावर तुमच्याकडे राहील."

परतताना भागवत खुशीत होता.

"काहून बोलत नाही बे?"

"म्या शेठले शबुद देल्ला होता, कूळ लागत नाही म्हनून."

"शेठ मेला न!"

"मी कुठं मेलो?"

दोन दिवसांनी तो कारंज्याला गेला. अर्पितनं चहा मागवला, कंपनीचा कागद पुढे ठेवला. अंगुरीबाई आता थकलेल्या, खुर्चीत बसून होत्या. जगदेवनं कागदाला हात लावायच्या आधी त्यांच्याकडे पाहिलं. "बाई, तुमी दारात उभ्या होत्या. तू आहेस तोवर वावर तुझ्याकडे, म्हनलं होतं न शेठजीनं?"

अंगुरीबाईंनी नातवाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "म्हणाले होते."

अर्पितनं मान खाली घातली. "आजी खोटं नाही बोलणार. पण काका, असं होतं तर लिहून का नाही घेतलं?"

"लिहून मांगतलं असतं तर त्यायनं वावर देल्लंच नसतं."

ते खरं होतं. अर्पित हळूच म्हणाला, "उभी तूर तुम्ही काढून घ्या. ती सगळी तुमची," आणि त्यानं पेन पुढे केलं. शेठनं दिलेल्या शब्दाचं काय व्हायचं ते झालं, आपण दिलेला शब्द तरी आपल्या हातात आहे, असं जगदेवला वाटलं. त्यानं सही केली. अर्पितनं बोलावून ठेवलेल्या नोटरीनं विचारलं, "शपथेवर सांगता ना?" तो हो म्हणाला.

घरी चतुराबाईनं पाणी दिलं. "केली सही?"

"केली."

"काय लिह्यलं ते वाचून दाखवा."

त्यानं खिशातली झेरॉक्स काढली आणि अडखळत वाचली. "सदर शेतात मी अथवा माझ्या कुटुंबातील कोणीही कधीही वहिती केलेली नाही."

"कुटुंबातील कोनीही मंजे?"

जगदेवनं कागद घडी केला. "मंजे तू."

ती चिडली नाही, हेच जास्त वाईट. "शेठनं इचारलं तुमाले. सुपारी देल्ली तुमाले. शबुद तुमचा होता, तुमी पाळला, त्याच्यात मले काही म्हनाचं नाही. पन मले कोनं इचारलं होतं? माह्यं काम काहून पुसून टाकलं तुमी?"

आपण जे सोडलं ते आपलं एकट्याचंच होतं, असं तो कारंज्याहून येताना सगळी वाट समजत आला होता.

पुढच्या आठवड्यात कंपनीची माणसं खुंट्या ठोकायला आली. चतुराबाई विळ्यानं तूर कापत होती. त्यांच्यातल्या साहेबानं हातातले कागद चाळले, तिच्याकडे पाहिलं आणि जगदेवला विचारलं, "या बाई कोण? इथं वहिवाट कुणाची नाही ना?"

जगदेवला शपथ आठवली. तो म्हणाला, "नाही साहेब. आली हाय रोजानं."

चतुराबाईला ते ऐकू गेलं. तिनं पुढची तूर मुठीत धरली आणि कापली.