दस्तीखालचा बोनस

आमच्या साडूंइतका मेलेल्या माणसांचा मुलाहिजा राखणारा जमिनीचा दलाल अख्ख्या जालना जिल्ह्यात दुसरा झाला नाही, आणि झाला असेल तर त्याला माझ्यापुढं आणून उभा करा. मी चौथीत शाळा सोडलेला माणूस आहे, पण सातबारा मला काळ्या कोटवाल्यांपेक्षा बराबर वाचता येतो, तेव्हा माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे मालक. उंचीनं बांधावरच्या बाभळीएवढे आणि अंगानं तिच्यासारखेच वाळलेले. आधी ते बैलबाजारात दलाली करायचे. ट्रॅक्टर आले, बाजार बसला, मग ते जमिनीच्या धंद्यात आले. पण येताना बैलबाजाराची सगळी रीत सोबत घेऊन आले. खांद्यावर मोठी दस्ती असायची. सौदा करताना ती हातावर पसरायची, खाली विकणाऱ्याचा हात धरायचा, बोटं दाबून भाव विचारायचा, मग तसाच घेणाऱ्याचा हात धरायचा. रजिस्ट्री कॉम्प्युटरवर आणि भाव फडक्याखाली, असं लोक हसायचे. साडू म्हणायचे, तोंडानं बोललेला भाव वारा नेतो, हातातला भाव हातात राहतो.

जमीन दाखवायला गेले की बांधाशी चपला काढायचे आणि आत पाय टाकायच्या आधी खाली बघून विचारायचे, येऊ का? मग थोडा वेळ नुसते उभे राहायचे. कधी लगेच आत जायचे, कधी चपला घालून परत फिरायचे. मोटारी घेऊन आलेले लोक उन्हात तिष्ठत बघायचे. कारण विचारलं तर एवढंच, की आज न्हाई म्हणून राह्यली. कोण, ते सांगायचे नाहीत. सौद्याची वेळही ठरलेली, भर दुपारी बारा. सावली पायाखाली आली की माणसाला लपायला जागा राहत नाही, असं त्यांचं म्हणणं. आणि दुसरं म्हणणं असं की ह्याच वेळेला जुने मालक आपापले बांध बघायला येतात. सातबाऱ्यावर नाव असलेला मालक वेगळा आणि मातीत गेलेला मालक वेगळा, आणि दोघांनाही विचारल्याशिवाय सौदा पक्का होत नाही, हा त्यांचा कायदा. त्यामुळं चहा मागवायचे तो एक कप जादा मागवायचे आणि तो बांधावर ठेवायचे. पिंपळगाव रेणुकाईच्या एका सौद्याला मी सोबत गेलो होतो. घेणाऱ्याचा भाऊ शहाणा, त्यानं हसत हसत तो बांधावरचा कप उचलून पिऊन टाकला. त्याला जी उचकी लागली ती भोकरदनपर्यंत थांबली नाही. साडू गाडीत त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि खिडकीबाहेर बघून कोणाची तरी समजूत घालत होते, की जाऊ द्या, पोरगं हाय, त्याला ठाऊक नव्हतं. आम्ही बाहेर बघितलं तर नुसतं रान.

बाकी धंद्यात माणूस सरळ. दोन्हीकडून ठरलेली दलाली घ्यायची आणि वर छदाम नाही. आता हा मोठा रस्ता झाल्यापासून आमच्या भागात एजंटांचं पीक आलंय, आणि पिकाला खत म्हणून बोनस. एका प्लॉटिंगवाल्या शेटजीनं जाहीर केलं, दहा प्लॉट विका, नवी स्कुटी न्या. साडूंनी गिऱ्हाइकांना प्रत्येक प्लॉटची खोट आधी सांगितली, आणि खोट ऐकून जे पळाले नाहीत त्यांनी प्लॉट घेतले, असे दहा झाले. शेटजी हार घातलेली स्कुटी घेऊन हजर. साडू म्हणाले, आजची रात्र ही शेवटच्या प्लॉटवर उभी करा, मालकानं हरकत घेतली नाही तर सकाळी नेतो. शेटजी म्हणाले, मालक तर मीच आहे. साडूंनी तापात बडबडणाऱ्या पोराकडं बघावं तसं मायेनं त्यांच्याकडं बघितलं. सकाळी मीही गेलो होतो, म्हणून छातीठोक लिहितो. चैत्राचा महिना, जमीन दगड झालेली, आणि स्कुटी दोन्ही चाकांनी आसापर्यंत मातीत. भोवती उकरल्याची खूण नाही, पाण्याचा थेंब नाही. हार मात्र ताजा. ट्रॅक्टर लावून ओढून काढावी लागली. कोणी म्हणालं, उंदरांची बिळं असतील. असतील. उंदीर इतक्या मापात बिळं पाडतात हे मला ठाऊक नव्हतं.

ह्या बोनसवरून मी त्यांच्याशी पुष्कळ वाद घातलाय. मी म्हणायचो, बैलाला मूठभर पेंड जादा घातली की तो जास्त ओढतो, मग माणसाला खुशीनं चार पैसे जादा दिले तर त्यात पाप कसलं? ते दस्तीनं मान पुसायचे आणि म्हणायचे, "पाव्हणं, बैल कोणीकडं ओढतो ते गाडीत बसलेल्याला दिसतं. दलाल कोणीकडं ओढून राह्यला, ते कोणाला दिसतंय?" मी विषय बदलायचो. उघड्यावर दिलेलं ते घ्यायचे. एकानं सौदा झाल्यावर घेणाऱ्यादेखत आंब्यांची पाटी दिली, तर साडूंनी तिथंच बसून आंबे मोजले, निम्मे घेणाऱ्याच्या बायकोच्या ओटीत घातले, आणि एक आंबा वर उरला तो कापून कोय बांधावर ठेवली.

आता माझं सांगतो. अंबडच्या रस्त्याला, गावठाणाला लागून माझी थोडी जागा होती. गुडघ्यांचं ऑपरेशन करायचं होतं आणि पोरांपुढं हात पसरायचा नव्हता, म्हणून विकायला काढली. साडूंनी गिऱ्हाईक आणलं. जुन्या जालन्यात गल्लीतल्या भाड्याच्या खोलीत मशीन टाकून बसलेला एक शिलाई मास्तर आणि त्याची बायको. रस्त्यावर नवी शाळा झाली होती, गणवेशाचं काम मिळेल, पुढं दुकान, मागं घर, असा त्यांचा बेत. आयुष्यभर शिवून जेवढं जमलं तेवढं सगळं ह्या एका जागेत घालायला निघाले होते.

त्या जागेत पूर्वी विहीर होती. मी बारा वर्षांचा असताना माझी चुलती त्या विहिरीत गेली, आणि पुढच्या उन्हाळ्यात माझ्या बापानं गाड्यांनी मुरूम टाकून ती बुजवली. आई लवकर गेल्यामुळं मला ह्या चुलतीनंच वाढवलं होतं. विहीर बुजली तसं तिचं नावही घरात कोणी घ्यायचं नाही असं ठरलं. त्या वेळचं माणूस आता गावात राहिलं नाही. माझं म्हणणं असं होतं की बुजवलेली विहीर ही विहीर राहत नाही, तिची जमीन होते. आणि माझं म्हणणं एकदा झालं की ते तहसीलदारालाही बदलता येत नाही. पण बुजवलेल्या विहिरीवर भिंत घातली तर चार पावसाळ्यांत ती खचते, हे मला गवंड्याइतकं ठाऊक होतं. ते मी बोललो नाही.

वैशाखातली दुपार. मी, साडू आणि मास्तर लिंबाखाली बसलो होतो. मास्तरची बायको शिवणाची टेप घेऊन जागा मोजत होती. कपडा मोजावा तशी वाकून वाकून मोजायची आणि दगड ठेवायची. इथं मशीन, इथं मोरी. अनवाणी फिरत फिरत ती बरोबर त्या जागेवर गेली आणि थांबली. मास्तरला हाक मारून म्हणाली, इथं पायाला लई गार लागून राह्यलंय, चूल इथंच घालू, उन्हाळ्यात बरं पडंल. आणि तिनं तिथं चुलीचा दगड ठेवला. भोवतालच्या फुफाट्यात पाय भाजत होता, आणि ती तिथं समाधानानं उभी राहिली. मी मान वळवली.

साडूंनी हातावर दस्ती पसरली, माझा हात धरला. मी माझा भाव दाबला. मग त्यांनी प्रत्येक विकणाऱ्याला विचारायचे तसं मोठ्यानं विचारलं, जमिनीत काही दडलेलं हाय का? मी मोठ्यानं म्हणालो, काही न्हाई. आणि दस्तीखाली त्यांच्या तळहातावर दोन बोटं जादा दाबली, दोनदा. बाजाराच्या भाषेत त्याचा अर्थ, हे तुम्हाला वेगळे, गप राहा.

साडू हसले. म्हणाले, "पाव्हणं, तुम्ही कवापासून बांगड्या भरायला लागले?"

मास्तरही हसला. मीही हसलो, कारण माझ्या हातात घड्याळसुद्धा नव्हतं. पण साडूंचं हसू तोंडावरून उतरत गेलं. त्यांनी हात काढला नाही. डोळे मिटून, बैलाचे दात चाचपावेत तशी बोटं हळूहळू फिरवत राहिले, आणि मला कळत होतं की ती बोटं माझ्या हातावरून फिरत नाहीयेत. मग त्यांनी दस्ती उचलली. मधोमध रुपयाएवढी जागा ओली होती. माझा हात कोरडा ठणठणीत.

"मास्तर," साडू म्हणाले, "आजचा सौदा थांबला. मला इथं बोनस भेटून राह्यलाय. कशापायी, ते मला ठाऊक न्हाई. देणाऱ्याला विचारा."

मास्तरची बायको तिथल्या तिथं टेप गुंडाळायला लागली. मी उठलो. साडूंना जन्मात कधी अरेतुरे केलं नव्हतं, ते त्या दिवशी केलं. म्हणालो, तू दलाल हायस, देवऋषी न्हाईस. ओली दस्ती साडूंनी पिळली नाही, झटकली नाही, तशीच उन्हात धरून उभे राहिले.

घरी येऊन मी बायकोला धारेवर धरलं, की तू तुझ्या बहिणीला काय सांगितलंस? ती म्हणाली, काय सांगणार, मला तरी तुम्ही कधी काय सांगितलं? आणि खरंच होतं ते. ती लग्न करून येण्याच्या किती आधी विहीर बुजली होती. तिला ठाऊक नव्हतं की तिथं विहीर होती, आणि चुलतीचं नाव तिनं कधी ऐकलं नव्हतं.

आठ दिवसांनी मी दुपारचा त्या जागेवर गेलो, ते दगड उचलून टाकायला. माझ्या जागेत दुसऱ्याच्या घराची आखणी कशाला हवी. मशीनचा दगड फेकला, मोरीचा फेकला. चुलीच्या दगडाला हात घातला आणि खालून कोणीतरी हाक मारली. माझं घरातलं, लहानपणीचं नाव. त्या नावानं हाक मारणारं माणूस ह्या जगात एकच झालं. आवाजात राग बिलकुल नव्हता. जेवायला बोलवावं तशी हाक. म्हातारा भ्रमला असं कोणाला वाटत असेल तर वाटू द्या. मी तो दगड परत होता तिथं ठेवला, मिळेल ती बस धरली आणि जुन्या जालन्यात मास्तरची गल्ली शोधत गेलो. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. विहीर, मुरूम, चुलती, आणि साडूंना दाबलेली दोन बोटंही. मास्तरनं पायाखालचं मशीन थांबवलं. त्याच्या बायकोनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. सौदा गेला असं धरून मी निघालो, तर मास्तर म्हणाला, "बाबा, घर वीस हात सरकवू, त्यात काय. पण त्या बाईंचं नाव काय होतं?"

मी नाव सांगितलं. साठ वर्षांनी. सांगताना ते माझ्याच तोंडाला अनोळखी लागलं.

रजिस्ट्रीला अंबडला साडू आले. मागचं काहीच झालं नाही असे आले, पाव्हणं म्हणाले, नेहमीची दलाली मोजून घेतली. मी मास्तरदेखत, उघड्यावर, वरून काही द्यायला गेलो, की हे खुशीचं, आता तर काही लपवायचं नाही. त्यांनी माझी मूठ माझ्याच खिशाशी नेऊन मिटली. म्हणाले, आंबे खाऊन विसरता येतात, पैसा ध्यानात राहतो. पुढच्या वेळी तुमची खोट सांगताना जीभ जड होईल.

पुढची वेळ आली नाही. माघात ते गेले. बसल्या जागी, भर दुपारी, शेजारी चहा होता. त्यांच्यामागं ह्या भागात बोनस न घेणारा एजंट मला तरी ठाऊक नाही, आणि बांधाशी चपला काढणारा तर नाहीच. मास्तरचं घर झालं, पुढं दुकानही झालं. विहिरीची जागा त्यांनी मोकळी सोडली आहे. मास्तरची बायको ती रोज झाडते, पण तिथं काही वाळत घालत नाही. मी कधी दुपारचा गेलो तर मास्तर खुर्ची टाकतो. गुडघे आता बरे आहेत. बसून राहतो. हाक पुन्हा आली नाही.

साडूंना एक विचारायचं राहिलं. त्या दिवशी दस्तीखाली त्यांना खरंच बांगडी लागली होती, की मला चाळीस वर्षं ओळखत होते म्हणून माझ्या बोटांवरून त्यांना सगळं कळलं? रजिस्ट्रीच्या दिवशी, परतीच्या बसमध्ये आम्ही शेजारी शेजारी बसलो होतो, विचारायला पुष्कळ वेळ होता. विचारलं असतं तर त्यांनी खरं ते सांगितलं असतं. म्हणून मी खिडकीबाहेर बघत राहिलो, आणि तेही बघत राहिले.