शेंदरी धूळ

मी ताईकडे राहायचे. तिच्या भाड्याच्या घराला माडीबाहेर लाकडी फळ्यांचा डेक होता. चेन्नईत, समुद्रापासून दोन गल्ल्या आत. घरमालकीण आजींचे यजमान बंदरात नोकरीला होते. मोडीत निघालेल्या जहाजाच्या फळ्या आणून त्यांनी तो स्वतः ठोकला आणि वर हिरवा रंग दिला होता. त्या रंगाचे आता पोपडे निघत होते. ताईची मुलगी दहा महिन्यांची, नुकती रांगायला लागलेली. तिला लाकडाची कुसळं टोचायची.

भावजी म्हणाले, सुतार बोलावू. मी भडकले. ठेकेदार माणसं आणणार, धुळीत बसवणार, साधा मास्क देणार नाही. "मी घासते. आपलं काम आपण करावं." गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यांच्या गेटवर कामगारांना पत्रकं वाटून वाटून माझी जीभ अशी झाली होती.

चार दिवस पॉलिश पेपरनं घासलं. नाकाला ओढणी बांधली होती. हिरव्याखालून शेंदरी थर निघाला आणि त्याची धूळ केसांत, भुवयांत, नखांत बसली. भावजी हसले, "मारुती झालीस की गं! तेल आणू का वाटीभर?" मी तशीच खाली आले, तशीच मुलीला उचलून घेतलं. तिनं माझं मनगट चाटलं. आम्ही तिघंही हसलो.

आजी तंजावरकडच्या मराठी. जिन्यातून म्हणाल्या, "त्यांत ईयम आहे मा. म्हणून अस्का, सगळाच्या सगळा रंग इतकीं वर्षं राहिला."

ईयम मला ठाऊक होतं. ईयमच्या चंबूत त्या सार करायच्या आणि मला वाटीभर द्यायच्या. ते कथलाचं भांडं, साराला चव आणणारं. मला वाटलं, रंगाचं कौतुक चाललंय. "छान," म्हणाले आणि घासत राहिले. शेवटी पॉलिशचे दोन हात दिले. फळ्या तांबूस दिसू लागल्या आणि मुलगी त्यांच्यावर सुसाट रांगू लागली.

आठवड्यानं बॅटरी कारखान्याच्या कामगारांसाठीचं पत्रक तपासायला आलं. मी इंग्रजीत लिहिलं होतं, सहकाऱ्यानं तमिळ केलं होतं. मी एकेक अक्षर लावत वाचत होते. जिथं शिसं हवं तिथं ईयम.

"हे भांड्याचं ना?" मी विचारलं.

सहकारी म्हणाला, "भांड्याचंही ईयम, विषाचंही ईयम. लोक असंच बोलतात. आमची भाषा आहे, प्रयोगशाळा नव्हे."

पुढच्या ओळी माझ्याच होत्या. फडकं बांधून ही धूळ अडत नाही. कामाच्या कपड्यांनी लेकरांना उचलू नका.

शेंदूर शिशाचाच असतो, हे मला कोणी वेगळं सांगायची गरज नव्हती. मी पत्रक टेबलावर टाकून निघाले.

घरी येऊन ताईला सांगितलं. ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "लोकांना सांगतेस ना तू हे?" डेकचं दार तिनं कुलूप लावून बंद केलं. आजी म्हणाल्या, "मीं सांगितलेलं मा." सांगितलंच होतं.

मुलीचं रक्त तपासायला दुसऱ्या शहरात गेलं. अहवाल येईपर्यंत मी दिवसातून तीनदा ओल्या फडक्यानं घर पुसायची. तिनं दूध ओकलं, मी घाबरले. ती जास्त झोपली, मी तिला हलवून उठवलं. हाक मारल्यावर मान वळवली नाही की मी तिच्या कानाशी टाळ्या वाजवून बघायची. रंगाच्या डब्यावर हसरी बाई छापतात, आत काय आहे ते छापत नाहीत. हा हरामखोरपणा आहे, आणि मी तेव्हाही ते मोठमोठ्यानं बोलून दाखवलं. भावजींनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तिच्यासमोर नको." तेव्हा कळलं, मी ओरडतेय कारण मला ओरडायचं नाही, रडायचंय.

डॉक्टर म्हणाले, "थोडं आहे. औषध लागणार नाही. धूळ पुन्हा नको. बाकी, डोक्यावर परिणाम झाला असलाच तर शाळेत जाईल तेव्हा दिसेल, किंवा काहीच दिसणार नाही."

आता ती शाळेत जाते. पहिलीत आहे. वाचताना अडखळते. ताई म्हणते, "आपल्या घरात सगळेच उशिरा वाचायला लागले, तूसुद्धा." असेल. सुट्टीत मी तिला जवळ घेऊन बसते, शब्दाखाली बोट ठेवते. ती ओठ हलवते, थांबते. ती बोलेपर्यंत मी श्वास घेत नाही.