माळ आम्ही पेटवलाच

लातूर जिल्हा नवा झाला, त्याच सुमारास दुष्काळ पडला. रेणापूरच्या अलीकडे आमच्या गावचा माळ. बौद्धवाड्यातल्या आम्हा लोकांना शेती नव्हती. गाई, शेळ्या आणि तो माळ, एवढ्यावर घर चालायचं. होळी झाली की माझ्या सासूबाई वाळल्या कुसळी गवताचा एक पट्टा पेटवायच्या. कुसळी जनावराच्या तोंडात टोचते, ते तिला तोंड लावत नाही. जळली की बुडख्यातून कोवळं फुटतं. शेजारच्या पट्ट्यात गुरं चरायची. पलीकडचा हरणांसाठी, चंडोलांच्या घरट्यांसाठी राखायचा. दर साली पट्टे बदलायचे.

त्या वर्षी माळावर झाडं लावायचा वनखात्याचा हुकूम आला. चराई बंद, जाळणं बंद. नवा रखवालदार आला आणि त्यानं आमची गाभण गाय कोंडवाड्यात घातली. भर उन्हात तिला कुणी पाणी दाखवलं नाही. सोडवून आणली, तर दारातच गाभडली, पोटातलं वासरू गेलं. सासूबाई तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिल्या. रडल्या नाहीत. मला म्हणाल्या, "उद्या माळ पेटवायचा. दिवसाढवळ्या."

"आत्याबाई, धरून नेतील."

"नेऊ दे. चोरी करायलोत का आपण?"

सकाळी वारा पडलेला होता. वाड्यातल्या बाया निघालो. शेजारच्या मोहल्ल्यातल्या चाची पाण्याची घागर घेऊन आल्या. त्यांच्याही शेळ्या उपाशी होत्या. पट्ट्याच्या कडेनं गवत कापून आग अडेल अशी मोकळी वाट केली, ओली पोती हातात घेतली आणि काडी लावली. रखवालदार सायकल टाकून धावत आला.

"विझवा! जेलात जाल!"

मी त्याला आडवी गेले. "पट्टा जळला की विझवू. तोवर तुमी बी एक पोतं घ्या."

त्यानं घेतलं नाही. दुपारी आम्हाला चौकीत नेलं. साहेबानं विचारलं, "पुन्हा करणार?"

सासूबाई म्हणाल्या, "हाव. पुढच्या होळीला. दुसऱ्या पट्ट्यात."

दम देऊन संध्याकाळी सोडलं.

वळवाच्या एका सरीनं काळ्या पट्ट्यावर हिरवं फुटलं. आधी हरणांचा कळप उतरला, मागून आमच्या गाई. ती गाय मात्र पुन्हा गाभण राहिली नाही. अर्ध्या माळावर वनखात्यानं झाडांसाठी खड्डे खोदलेच. तेवढा हातचा गेला. उरलेला आम्ही सोडला नाही. सासूबाई गेल्यापासून काडी मी लावते. अजूनही कुणीतरी येतो, मनाई सांगतो. मी ऐकून घेते आणि माळाकडे निघते.