काठाकडची काठी

बोरखडीच्या तलावाचं पाणी दिवाळीनंतर मागं सरकू लागतं आणि माघापर्यंत गावाच्या बाजूला गाळाची एक लांब, सपाट पट्टी उघडी पडते. या पट्टीच्या निम्म्या भागात सहदेव काकड्या आणि टरबुजं लावतो. उरलेल्या निम्म्या भागात तो गेली एकवीस वर्षं रविवारी सकाळी जाळं ओढतो. काकड्यांबद्दल कोणी वाकडं बोललं तर तो ऐकून घेतो. जाळ्याबद्दल नाही.

जाळ्यात येतात त्या बोटभर लांबीच्या मासोळ्या. खायला त्यांचा उपयोग थोडा, चाऱ्याला फार. मरळ नावाच्या माशाला मेलेलं काही चालत नाही. तिच्यापुढं गळाला लावलेली मासोळी जिवंत, हलती असावी लागते. त्यामुळं अचलपूर, परतवाडा, अमरावती इथून येणारे आम्ही रविवारचे गळवाले आधी सहदेवच्या बादलीशी रांग लावायचो आणि मग आपापल्या दगडावर जाऊन बसायचो.

जाळं वीस हात लांब, मच्छरदाणीसारख्या बारीक विणीचं. वरच्या दोरीला तुटक्या चपलांचे तुकडे, तरंगायला. खालच्या दोरीला शिशाच्या गोळ्या, बुडायला. दोन टोकांना दोन काठ्या. एकानं काठाकडची काठी धरून घोटाभर पाण्यात राहायचं. दुसऱ्यानं खोलाकडची काठी घेऊन छातीभर पाण्यातून अर्धा गोल मारत परत काठाला यायचं. याला घेर म्हणतात, आणि तो पाहण्यासारखा असतो. काठाकडच्यात पाहण्यासारखं काही नसतं. त्यानं खालची दोरी पायाच्या अंगठ्याखाली गाळात दाबून धरायची आणि इंचाइंचानं सरकत राहायचं. पाय उचलला की मासोळ्या दोरीखालून निघून जातात.

खोलाकडची काठी सहदेवची, काठाकडची बुधाजीची. तसं ठरवलं कोणीच नव्हतं. जाळं सहदेवचं होतं, एवढाच काय तो ठराव. बुधाजीनं डेपोत एस.टी.ची टायरं बदलण्यात उमेदीची वर्षं घालवली, आणि त्या सगळ्या नोकरीत साहेबाकडं मागितलं ते एकच : सुट्टी रविवारीच हवी. त्याचा पाय गाळात पडला की खुंटा ठोकल्यासारखा. तरी सहदेव पाण्यातून ओरडायचा, "पाय, बुधा, पाय!" पाय हललेला नसायचा. पण काठावर आम्ही उभे असायचो, आणि मालकानं काहीतरी ओरडल्याशिवाय मालक कोण ते लोकांना कळत नाही.

घेर पुरा झाला की आम्ही म्हणायचो, "वा सहदेव, काय घेर टाकला!" सहदेव मिशीतलं पाणी झटकायचा आणि ते कौतुक सगळंच्या सगळं ठेवून घ्यायचा. बुधाजी तेव्हा जाळ्यातलं शेवाळ काढत असायचा.

गेल्या जानेवारीत शेखर आला. नांदगाव पेठेच्या एका कापड कारखान्यात पाळीवर देखरेख करणारा, चाळिशीचा, हौशी. त्यानं कोरं जाळं आणलं होतं, वरच्या दोरीला पिवळे प्लास्टिकचे गोळे, आणि पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट. जाळं कसं ओढायचं ते शिकवा, असं तो सहदेवला अदबीनं म्हणाला.

"शिकवून येत नसते बाप्पा," सहदेव म्हणाला. "थे रक्तात असा लागते."

सहदेवच्या वडिलांनी उभ्या जन्मात मासोळीला हात लावला नव्हता. पण ही गोष्ट त्या वेळी कोणी काढली नाही.

पुढच्या रविवारी बुधाजी आला नाही. म्हणजे तलावावर आला, पण पलीकडं, बांधाच्या बाजूला. सहदेवनं डोळ्यांवर हात धरून पाहिलं. पिवळे गोळे पाण्यावर ओळीनं चालले होते. काठाला बूट घालून शेखर उभा होता. आणि खोलात, काठी खांद्याला लावून, अर्धा गोल मारत बुधाजी येत होता.

एखादा माणूस आपल्याला सोडून गेला, हे सहदेव समजून घेऊ शकला असता. पण तो तिकडं जाऊन खोलाकडची काठी धरतो, हे त्याला समजेना. दुपारी वाटेत गाठ पडली. एरवी सहदेव त्याला स्वतःहून "जय भीम, बुधा" म्हणायचा. त्या दिवशी तो म्हणाला, "राम राम, बुधाजी." बुधाजीनं एक क्षण त्याच्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "जय भीम." एवढ्यावर भांडण पुरं झालं. शब्द दोघांचेही सभ्य होते.

मग काठाकडची काठी मनकर्णाबाईंच्या हातात आली. त्या सहदेवच्या बायको. काकड्यांच्या वेली, सुना आणि नवरा एकाच आवाजात सांभाळणाऱ्या.

"पाय दाबा ना, पाय!" सहदेव पाण्यातून ओरडला.

"दाबून राह्यली ना! माया पायाखाली काय हाये थे मले दिसते का? अन् तुमी जाळं कुठी नेऊन राह्यले? सारे डोळे त्या बांधाकडे."

"मी पानी पाहून राह्यलो."

"पानी नाई, सवत पाहून राह्यले. बसली हाये तिकडे, पिवळे मनी घालून."

बादलीत अकरा मासोळ्या आणि एक बेडूक आला. गळवाले पुढच्या रविवारपासून बांधाकडं जाऊ लागले. मीही गेलो. एकवीस वर्षांच्या संबंधांची मला कदर आहे, पण मरळीला नाही.

परतताना सहदेव आम्हाला अडवू लागला. मासोळ्या किती मिळाल्या हे तो कधी विचारत नसे.

"कसा मारते थो घेर?"

"बरा मारतो."

"बरा म्हंजे?"

"तुमच्यापेक्षा जरा रुंद."

सहदेवनं काकडीचा एक वेल उगाच इकडचा तिकडं केला. "पानी कुठवर येते त्याले?"

"गळ्यापर्यंत."

सहदेव एकवीस वर्षांत छातीपुढं गेला नव्हता. जायची गरजच नव्हती, मासोळ्या काठालाच असतात. बुधाजी गळ्याएवढ्या पाण्यात जातो ते मासोळ्यांसाठी नव्हे, हे त्याला आणि सहदेवला, दोघांनाही ठाऊक असावं.

मत्सरी माणूस बारकाईनं पाहतो, असा समज आहे. सहदेवनं महिनाभर पलीकडचा काठ पाहिला आणि त्याला एकच वस्तू वेगळी दिसली. सोमवारी त्यानं परतवाड्याच्या बाजारातून गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट आणले. बूट तिकडं काठाकडचा माणूस घालतो, खोलाकडचा नाही, एवढंच त्याच्या लक्षात यायचं राहिलं.

रविवारी तो बूट घालून, खोलाकडची काठी घेऊन, पलीकडून नीट दिसेल अशा बेतानं छातीच्या पुढं गेला. गळ्यापर्यंत पोचला आणि थांबला. बूट आधीच पाण्यानं भरले होते. आता खाली गाळ लागला. एक पाय उपसायला गेला तो दुसरा आणखी रुतला. हनुवटी पाण्याला टेकली.

"काय झालं हो?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

"काई नाई," सहदेव म्हणाला. तोंड उघडल्यामुळं थोडं पाणी आत गेलं.

मनकर्णाबाईंनी काठी टाकली, पदर खोचला आणि बांधाकडं तोंड करून अशी हाक दिली की गावातली कुत्री उठली. "ओ बुधाजी भाऊऽऽ! तुमचा माणूस बुडून राह्यला!"

बुधाजीनं शेखरचं जाळं तिथंच सोडलं. हात मारत पाण्यातून सरळ आला, सहदेवला काखेत धरलं, आणि बूट गाळाला देऊन बाकीचा सहदेव बाहेर काढला. दोघं गाळावर बसून राहिले. धाप दोघांनाही लागली होती.

"बूट कायले घातले गा?" बुधाजीनं विचारलं.

"त्यानं नाई घातले?"

"थो घोटाभर पाण्यात रायते लेका!"

सहदेवनं पायाचा गाळ पुसला. मग जे महिनाभर ठरवून विचारलं नव्हतं ते त्यानं विचारलं. "काहून गेला तिकडे?"

"त्यानं खोलाकडची काठी देली."

"मले मागाची!"

"मागितली ना. तीन डाव. एक डाव तू हासला. एक डाव तू म्हनला, पानी थंडं हाये. तिसऱ्या डावाले तू ऐकलंच नाई."

"त्याले पोहता येत नाई म्हनून देली त्यानं. तुया गुनासाठी नाई देली."

"हाव," बुधाजी म्हणाला. "माईत हाये मले. पन देली."

मनकर्णाबाई पदर पिळत होत्या. त्या म्हणाल्या, "झालं का तुमचं? का मी घरी जाऊन स्वयंपाक करून येऊ?"

पुढच्या रविवारी आम्ही पोचलो तेव्हा सहदेव गाळावर उभा होता, दोन्ही काठ्या हातात. बुधाजी आला. सहदेव म्हणाला, "जय भीम, बुधा." बुधाजी म्हणाला, "जय भीम." मग सहदेवनं तलावाकडं पाहत एक काठी पुढं केली. खोलाकडची.

बुधाजीनं ती घेतली, पण आधी सांगून टाकलं, "इकडे दोन घेर, मंग तिकडे. त्या शेखरले शब्द देला हाये."

सहदेवचा चेहरा उतरला, पण मान हलली.

पहिला घेर वाया गेला. सहदेवला पाय दाबायचा सराव नव्हता. तो दर दोन पावलांनी दोरी जागेवर आहे का ते पाहायला पाय उचलायचा आणि मासोळ्यांना वाट करून द्यायचा. गळ्याएवढ्या पाण्यातून आवाज आला, "पाय, सहदेव, पाय!"

दुसऱ्या घेराला पाय टिकला. जाळं वर आलं तेव्हा मधला झोळ चांदीसारखा वळवळत होता. बादली भरली. आमच्यातला एक जण म्हणाला, "वा बुधाजी, काय घेर टाकला!"

"अन् पाय कोनाचा होता?" सहदेवनं विचारलं.

सगळे बादलीत वाकले होते.

बुधाजीनं मिशीतलं पाणी झटकलं. "कोनी इचारत नाई गा. मी एकवीस वर्सं वाट पाह्यली."

सहदेव जाळ्यातलं शेवाळ काढू लागला. बांधाच्या बाजूला शेखर पिवळे गोळे पसरून, बूट घालून उभा होता आणि इकडं पाहत होता.

"तिकडे किती घेर मारशीन?"

"दोन."

"इकडेही दोनच झाले."

"मंग?"

"तिसरा मार," सहदेव म्हणाला, आणि खालची दोरी अंगठ्याखाली दाबून उभा राहिला.